पासंग माहीत असलेला काटा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ‘चाचणी’ या शब्दाचा अर्थ अगदी सरळ आहे. रेल मिलमधून लाटून निघालेला रूळ अल्ट्रासोनिक लहरींच्या तपासणीतून जातो. लहर आतल्या एखाद्या भेगेवर आदळून परत आली, की तेवढा भाग कापला जातो किंवा तो रूळच बाजूला पडतो. १९६०पासून भारतीय रेल्वेला रूळ पुरवणाऱ्या या कारखान्यातून आज २६० मीटर लांबीचे जोडरूळ बाहेर पडतात, आणि त्यांच्यावरून धावणाऱ्या गाडीतल्या माणसाला पायाखालच्या पोलादाचा विचारही करावा लागत नाही. रूळ लाटण्याआधीच वितळलेल्या पोलादातला हायड्रोजन निर्वातात ओढून काढलेला असतो, कारण तो आत राहिला तर पोलाद थंड होताना पोटात केसासारख्या बारीक भेगा पडतात. म्हणजे दोष होऊ द्यायचा नाही, झालाच तर शोधायचा आणि काढून टाकायचा. चाचणीची ही कल्पना इतकी पटणारी आहे, की सगळ्या चाचण्या अशाच असतात असे वाटू लागते. ताऱ्यांकडून येणारे कठोर क्ष-किरण टिपणाऱ्या शोधकाची, म्हणजे डिटेक्टरची, चाचणी मात्र वेगळ्या जातीची असते. तिथे स्फटिकात दोष आहेत हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते आणि ते काढता येणार नाहीत हेही ठाऊक असते. महिनोन्‌महिने तपासण्या चालतात त्या दोष कुठे, केवढा आणि कोणत्या तापमानाला कसा वागतो, हे लिहून काढण्यासाठी. या क्षेत्रात भारताच्या हाती जे काही मोलाचे लागले ते या लिहून काढण्यामुळे लागले, असे माझे म्हणणे आहे. उत्तम शोधक मिळाला म्हणून लागले, असे नाही.

आधी हे किरण म्हणजे काय ते पाहू. दवाखान्यात हाडाचा फोटो काढायला वापरतात ते क्ष-किरण साधारण वीस ते शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे असतात. या एककाला पुढे केईव्ही म्हणू. कृष्णविवरात पडणारा वायू, न्यूट्रॉन तारे आणि फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष याच ऊर्जेचे किरण आकाशात सोडतात, पण पृथ्वीचे वातावरण ते जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून शोधक फुग्याबरोबर वर पाठवावा लागतो किंवा उपग्रहावर बसवावा लागतो. कॅमेऱ्यातले सिलिकॉन इथे फारसे उपयोगी पडत नाही. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या चकतीवर ६० केईव्हीचे शंभर फोटॉन पडले, तर त्यातले तीन-चारच आत अडकतात, बाकीचे आरपार जातात. जर्मेनियम किरण चांगले अडवते, पण ते अतिथंड ठेवावे लागते, आणि उपग्रहावर थंडावा महाग असतो. मधला मार्ग म्हणजे कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांचा मिश्र स्फटिक. शास्त्रज्ञ त्याला सीझेडटी म्हणतात. कॅडमियमचा अणुक्रमांक ४८, टेल्युरियमचा ५२. इतके जड अणू असल्यामुळे ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा १०० केईव्हीपर्यंतचे जवळजवळ सगळे किरण अडवतो, आणि खोलीच्या तापमानाच्या आसपासही काम करतो. एक फोटॉन आत शोषला गेला, की दर ४.६ इलेक्ट्रॉनव्होल्टमागे एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. ६० केईव्हीच्या फोटॉनमागे असे सुमारे १३ हजार इलेक्ट्रॉन सुटतात. ते मोजले की फोटॉनची ऊर्जा कळली, आणि कोणत्या पिक्सेलवर गोळा झाले ते पाहिले की जागा कळली. सगळे विज्ञान या मोजणीवर उभे आहे, आणि अडचणही इथेच सुरू होते.

इलेक्ट्रॉन सुटतो तेव्हा मागे एक रिकामी जागा राहते. तिला भौतिकीत होल म्हणतात. स्फटिकावर काहीशे व्होल्टचा दाब दिला, की इलेक्ट्रॉन एका बाजूला ओढले जातात आणि होल दुसऱ्या बाजूला सरकतात. सीझेडटीमध्ये इलेक्ट्रॉन चपळ असतात, होल मात्र मंद असतात आणि वाटेत कुठेतरी अडकून पडतात. जितके अडकले तितका विद्युतभार मोजणीत कमी येतो. त्यामुळे ६० केईव्हीचे काही फोटॉन ५५चे, काही ५०चे भासतात, आणि आलेखावर नेमक्या रेषेच्या डाव्या बाजूला एक शेपूट लोंबते. ही शेपूट प्रत्येक पिक्सेलची निराळी असते, कारण स्फटिक वाढताना टेल्युरियमचे सूक्ष्म थेंब कुठे साठले आणि कणांच्या सीमा कुठून गेल्या, हे कोणाच्या हातात नसते. भरीला इलेक्ट्रॉनिक्सची वर्धनशक्ती पिक्सेलगणिक थोडी बदलते आणि तापमान चढले की गळणारा प्रवाह वाढतो. म्हणून चाचणीत प्रत्येक पिक्सेलसमोर ज्ञात ऊर्जेचे किरणोत्सारी स्रोत धरतात. कॅडमियम-१०९चे २२ आणि ८८ केईव्ही, अमेरिसियम-२४१चे ५९.५४ केईव्ही, कोबाल्ट-५७चे १२२ केईव्ही. ही निवड हुशारीची आहे. २२ केईव्हीचा फोटॉन स्फटिकाच्या पृष्ठभागाखाली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यातच शोषला जातो, १२२ केईव्हीचा सरासरी दीड-दोन मिलिमीटर आत शिरतो. दोन्ही रेषांच्या शेपटांची तुलना केली की होल किती खोलीवर आणि किती अडकतात हे स्फटिक न कापता कळते. मग तापमान बदलायचे, हे सगळे पुन्हा करायचे, आणि प्रत्येक पिक्सेलच्या नावाने आकडे नोंदवायचे.

जुन्या वाणसामानाच्या दुकानातल्या तराजूला पासंग असायचा. एक पारडे जरा जड, म्हणून दुसऱ्या बाजूच्या दोरीला खडा बांधलेला. पासंग असलेला काटा खोटा असतोच असे नाही. पासंग किती आहे हे ठाऊक असेल आणि तो भरून काढला असेल तर वजन चोख येते. खोटा काटा तो, ज्याचा पासंग कोणाला ठाऊक नाही किंवा ठाऊक असून सांगितला जात नाही. कठोर क्ष-किरणांच्या शोधकाची चाचणी म्हणजे हजारो छोट्या तराजूंचे पासंग शोधणे. आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते अॅस्ट्रोसॅट या उपग्रहासाठी. २८ सप्टेंबर २०१५ला श्रीहरिकोट्याहून निघालेल्या या उपग्रहावर सीझेडटी इमेजर, म्हणजे सीझेडटीआय, नावाचे उपकरण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ते इस्रोच्या केंद्रांबरोबर, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या साथीने उभे केले. टाटा संस्थेचे ए. आर. राव त्याचे प्रमुख होते, आणि त्यातून येणारी माहिती हाताळणारे केंद्र पुण्यात आयुकामध्ये आहे. उपकरणात ६४ शोधक आहेत. प्रत्येक साधारण ४ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ५ मिलिमीटर जाड, प्रत्येकावर १६ गुणिले १६ म्हणजे २५६ पिक्सेल. एकूण १६,३८४. युरोपच्या इंटिग्रल उपग्रहावरच्या शोधकातही नेमके एवढेच पिक्सेल होते, हा केवळ योगायोग. आपली माणसे या कामाला एकदम सामोरी गेली नाहीत. २००८च्या चांद्रयान-१वर ‘हेक्स’ नावाच्या उपकरणात याच मापाचे आणि प्रत्येकी २५६ पिक्सेलचे नऊ शोधक चंद्राकडे गेले होते. सीझेडटीआयची पूर्वतयारी तिथे झाली.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की इतकी यातायात करण्यापेक्षा चांगला शोधक का घेऊ नये? आकडे पाहिले तर आक्षेपात दम वाटतो. सीझेडटीआयची ऊर्जा ओळखण्याची अचूकता ६० केईव्हीजवळ सुमारे ६.५ केईव्ही आहे. नासाच्या नूस्टार दुर्बिणीचे शोधक त्याच जातीच्या स्फटिकाचे, पण ६८ केईव्हीला त्यांची अचूकता सुमारे ०.९ केईव्ही आहे. सातपट फरक झाला. पण त्या उत्तम शोधकांची गोष्टही जवळून पाहावी. जून २०१२मध्ये नूस्टार अवकाशात गेली. तिच्या शोधकांचे गुणधर्म तपासण्याच्या कामात अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये वरुण भालेराव होते. त्यांच्या पीएच.डी. प्रबंधाचा एक भाग न्यूट्रॉन ताऱ्यांच्या वस्तुमानांवर आहे आणि दुसरा नूस्टारच्या सीझेडटी शोधकांच्या परीक्षणावर. जगातल्या सर्वोत्तम शोधकांनाही प्रबंधाएवढे परीक्षण लागले, ही गोष्ट आक्षेपाचे अर्धे उत्तर देते. नूस्टारचे पिक्सेल ०.६ मिलिमीटरचे आहेत, सीझेडटीआयचे जवळजवळ अडीच मिलिमीटरचे. पिक्सेल लहान केला की होलांचा त्रास कमी होतो, पण एका फोटॉनचा विद्युतभार दोन-तीन शेजाऱ्यांत वाटला जाण्याचे प्रमाण वाढते, आणि ती वाटणी ओळखून बेरीज करायची तर पुन्हा प्रत्येक पिक्सेलचा स्वभाव माहीत हवा. चांगला शोधक घेतल्याने पासंग नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या पारड्यात जातो. तेच भालेराव पुढे भारतात परतले, आयुकामध्ये आणि मग मुंबईच्या आयआयटीत सीझेडटीआयवर काम करू लागले. नूस्टारमधून आणण्यासारखी सर्वांत मोठी शिदोरी या परीक्षणाच्या सवयीची होती, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. आकाशात क्रॅब तेजोमेघ नावाचा ठळक स्रोत आहे. सन १०५४मध्ये फुटलेल्या ताऱ्याचा हा अवशेष कठोर क्ष-किरणांत इतका तेजस्वी आणि इतका स्थिर मानला गेला, की खगोलशास्त्रज्ञ इतर स्रोतांचे तेज ‘मिलिक्रॅब’मध्ये सांगत आले. मग जमिनीवर वर्ष-दोन वर्षे घालवायची कशाला? वर जावे, क्रॅबकडे पाहावे, आणि येणाऱ्या आकड्यांवरून शोधक जुळवून घ्यावा. बरीच उपकरणे थोडेफार असे करतातही. पण २०११मध्ये फर्मी उपग्रहाच्या नोंदींतून दिसले, की १५ ते ५० केईव्हीच्या पट्ट्यात क्रॅबचे तेज २००८पासून दोन वर्षांत सुमारे ७ टक्क्यांनी घटले होते. स्विफ्ट, इंटिग्रल आणि आरएक्सटीई या वेगवेगळ्या उपग्रहांवरही तीच घट दिसली, म्हणून ती खरी ठरली. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या चमूने आपला शोधक केवळ क्रॅबवर जुळवला असता, तर ही घट त्यांनी शोधकाचा दोष समजून पुसून टाकली असती. आकाशातल्या बदलाची बातमी त्यांच्याच हिशेबात हरवली असती. ज्यांचा शोधक स्वतंत्रपणे मोजलेला होता, त्यांनाच ‘बदलला तो क्रॅब, आम्ही नव्हे’ असे म्हणता आले. मापाचा दगड दुसऱ्याच्या अंगणात ठेवून चालत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. जमिनीवर जे मोजले ते वर गेल्यावर खरे राहते कशावरून? उड्डाणाचे हादरे, निर्वात, आणि वर गेल्यावर विश्वकिरणांचा मारा. सीझेडटीआयच्या बाबतीत ही भीती खरी ठरली. उपग्रह कक्षेत पोहोचल्यावर असे दिसले, की जवळपास एक पंचमांश पिक्सेलांची वर्धनशक्ती घसरली आहे, इतरांच्या निम्म्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत. भिलाईच्या रेल मिलच्या नियमाने पाहिले तर हे सगळे पिक्सेल भंगारात जायला हवेत. पण घसरण झाली हे कळले कशामुळे? उड्डाणापूर्वीच्या नोंदी होत्या म्हणून. आणि पुढे जे घडले ते अधिक चित्तवेधक आहे. वर्धनशक्ती कमी म्हणजे तोच पिक्सेल आता जास्त ऊर्जेचे फोटॉन मोजपट्टीबाहेर न जाता मोजू शकतो. संशोधकांनी या दुबळ्या पिक्सेलांचे नव्याने अंशांकन, म्हणजे कॅलिब्रेशन, केले आणि गॅमा किरण स्फोटांच्या अभ्यासाची कक्षा जवळजवळ ९०० केईव्हीपर्यंत नेली. वर असताना हे अंशांकन चालू ठेवायला उपकरणातच एक सोय आहे. त्यात अमेरिसियम-२४१चा छोटा स्रोत बसवला आहे. अमेरिसियमचा अणू फुटताना ५९.५४ केईव्हीच्या फोटॉनबरोबर एक अल्फा कणही बाहेर पडतो. शेजारच्या स्फटिकाने तो अल्फा कण टिपला, की त्याच क्षणी आलेला फोटॉन आकाशातला नाही, घरचा आहे, हे कळते. अमेरिसियमचे अर्धआयुष्य ४३२ वर्षे, म्हणजे उपग्रहाच्या उभ्या आयुष्यात त्याचा जोर कमी होण्याची चिंता नाही. आणि रुळांचेही खरे तर असेच आहे. कारखान्यातून निघालेला निर्दोष रूळ गाड्यांखाली आला की रेल्वे त्याची पुन्हा पुन्हा अल्ट्रासोनिक तपासणी करते. तिथे सापडलेल्या दोषांचे प्रकार पाडतात. काही रूळ तात्काळ काढायचे, काहींवर लाल रंगाची खूण करून नजर ठेवायची. म्हणजे सेवेत गेलेल्या वस्तूच्या बाबतीत रेल्वेलाही ओळखीचा दोष सांभाळावाच लागतो. चाचणी कारखान्याच्या दाराशी संपते हा समज पोलादालाही पुरता लागू नाही.

सगळ्यात कठीण कसोटी ध्रुवणाची. प्रकाशलहरींचे कंपन एका दिशेत जास्त असेल तर तो प्रकाश ध्रुवित. क्रॅबच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा आहे. त्याच्या चुंबकीय क्षेत्राची रचना कळायची तर त्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजणे हा थेट मार्ग, पण १०० केईव्हीच्या वर हे मोजमाप फारच थोड्या वेळा जमले आहे. सीझेडटीआय ध्रुवणमापक म्हणून बांधले गेले नव्हते. मात्र १०० केईव्हीच्या वर फोटॉन अनेकदा एका पिक्सेलमध्ये कॉम्प्टन विकिरणाने वळतो आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला जातो. वळण्याची दिशा ध्रुवणाच्या दिशेला काटकोनात जास्त संभवते. म्हणजे आठ शेजाऱ्यांपैकी कोणाकडे किती फोटॉन गेले ते मोजले की ध्रुवण कळावे. ऐकायला सोपे आहे, पण पिक्सेल चौकोनी आहेत. कडेला कड लावून बसलेल्या चार शेजाऱ्यांकडे जास्त फोटॉन जातात, कोपऱ्यातल्या चौघांकडे कमी, मग प्रकाश ध्रुवित असो वा नसो. जो हा पासंग विसरेल त्याला अध्रुवित प्रकाशातही ध्रुवण दिसेल. शिवाय विद्युतभार दोन शेजाऱ्यांत वाटला गेल्यानेही अशाच जोड्या तयार होतात, आणि त्या कॉम्प्टनच्या जोड्यांपासून वेगळ्या काढाव्या लागतात. हे ओळखून अहमदाबादचे संतोष वडवले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उड्डाणाच्या आधीच शोधकावर अध्रुवित आणि अंशतः ध्रुवित स्रोतांचे प्रयोग केले. ध्रुवण नसताना शोधक काय दाखवतो आणि असताना काय, हे त्यांनी जमिनीवर पाहून ठेवले. नंतर सुमारे ८ लाख सेकंद क्रॅबकडे पाहून १०० ते ३८० केईव्हीच्या पट्ट्यात त्यांनी सुमारे ३३ टक्के ध्रुवण मोजले. नोव्हेंबर २०१७मध्ये ‘नेचर अॅस्ट्रॉनॉमी’त हे काम प्रसिद्ध झाले. त्यातली अनपेक्षित गोष्ट अशी, की ताऱ्याच्या प्रत्येक फेरीतले दोन स्पंद संपल्यावर, जेव्हा तो निवांत असायला हवा, तेव्हाही ध्रुवण झपाट्याने बदलताना दिसले.

या शेवटच्या निष्कर्षावर सगळ्यांचे एकमत झाले नाही, आणि ते लपवण्याचे कारणही नाही. स्वीडनच्या पुढाकाराने फुग्यावरून केलेल्या पोगो-प्लस प्रयोगाच्या चमूला आपल्या मोजणीत निवांत काळातला तसा बदल आढळला नाही, आणि अॅस्ट्रोसॅटच्या निष्कर्षामागच्या सांख्यिकीवरही त्यांनी बोट ठेवले. कोणी म्हणेल, मग एवढ्या चाचण्यांचा उपयोग काय, वाद तर झालाच. माझ्या मते वाद कशावर झाला हे पाहायला हवे. आकडे पुरेसे होते का, त्यांची विभागणी योग्य होती का, ऊर्जेचे पट्टे वेगळे असल्याने तुलना कितपत चालते, यावर तो झाला. ‘हे ध्रुवण म्हणजे तुमच्या चौकोनी पिक्सेलांची करामत’ असे झटकून टाकणे कोणालाही सोपे राहिले नाही, कारण त्या करामतीचे मोजमाप आधीच छापून झालेले होते. विज्ञानात मतभेद मिटवण्याइतकेच, तो योग्य जागी आणून ठेवणेही महत्त्वाचे असते. चाचणी नसती तर वाद शोधकाच्या प्रामाणिकपणावर अडला असता आणि ताऱ्यापर्यंत पोहोचलाच नसता.

‘काही दिसले नाही’ हे सांगायला तर आणखी मोठी खात्री लागते. ४ जानेवारी २०१७ला दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी लायगो या वेधशाळेने टिपल्या. जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेच्या विस्तीर्ण आकाशात प्रकाशाची खूण शोधू लागल्या, आणि एक मावळत जाणारा प्रकाशबिंदू सापडलाही. तो त्या टकरीचाच असेल तर ही फार मोठी बातमी ठरली असती. सीझेडटीआयच्या नोंदींत टकरीच्या क्षणी काहीच नव्हते, पण जवळपास दिवसभरानंतरचा एक गॅमा किरण स्फोट होता. भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर दुर्बिणींच्या निरीक्षणांशी ताळा घालून दाखवले, की तो प्रकाशबिंदू या दुसऱ्या स्फोटाचा मागे राहिलेला उजेड आहे, गुरुत्वीय लहरींशी त्याचा संबंध नाही. ‘आमच्याकडे काही दिसले नाही’ या वाक्याला वजन कधी येते? त्या दिशेने, त्या ऊर्जेला, एवढे तेज असते तर आम्हांला नक्की दिसले असते, हे सांगता येते तेव्हा. १०० केईव्हीच्या वर सीझेडटीआयच्या भिंती अर्धपारदर्शक होतात, म्हणून त्याला पाठीमागचे आणि कडेचे स्फोटही दिसतात. पण मग किरण वाटेत उपग्रहाच्या कोणकोणत्या भागांतून गाळून आला, हे ठाऊक हवे. त्यासाठी पुढे संपूर्ण उपग्रहाचे वस्तुमान-प्रतिरूप संगणकावर उभे करण्यात आले. इथे कोणी विचारेल, संगणकच सगळे सांगतो तर प्रयोग कशाला? संगणक फोटॉन कुठे वळेल हे उत्तम सांगतो. अमुक क्रमांकाच्या पिक्सेलमध्ये होल किती अडकतात, हे त्याला कोणीतरी मोजून सांगावे लागते. या साऱ्या मेहनतीवर नोव्हेंबर २०२२पर्यंत सीझेडटीआयने ५०० गॅमा किरण स्फोटांचा टप्पा गाठला. पहिला सापडला होता ६ ऑक्टोबर २०१५ला, उपकरण सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी.

शेवटचा आक्षेप भिलाईसारख्या गावाला जास्त टोचणारा आहे. सीझेडटीआयचे शोधक भारतात बनले नाहीत. वैद्यकीय प्रतिमांसाठी अशा शोधकांच्या फळ्या बनवणाऱ्या ऑर्बोटेक या इस्रायली कंपनीकडून ते घेतले गेले. मग आपण केले काय, परक्याच्या वस्तूची तपासणी? या बोलण्यातला सल खरा आहे. स्फटिक वाढवणे हे मूळचे धातुशास्त्राच्या वळणाचे काम आहे. घटक वितळवायचे, तापमान हळूहळू उतरवायचे, अशुद्धता बाहेर ठेवायच्या, नको असलेले कण साठू द्यायचे नाहीत. पोलादातला हायड्रोजन दशलक्षांशात मोजणाऱ्या आणि अल्ट्रासोनिक तपासणीत पिढ्या घालवलेल्या गावात, जिथे २०१६पासून आयआयटीही आहे, हे काम परके वाटण्याचे कारण नाही. ते देशात व्हावे असे मला मनापासून वाटते. पण ‘फक्त तपासणी’ हे म्हणणे मात्र मान्य करता येत नाही. दवाखान्यात ही फळी शरीरातल्या औषधाची जागा दाखवते. तिथे एखाददुसरा पिक्सेल बिघडला तर चित्रात एक ठिपका कमी दिसतो, एवढेच. तीच फळी ६५० किलोमीटर उंचीवर ताऱ्याचे ध्रुवण सांगू लागली, यातला ‘सांगू लागली’ हा भाग कंपनीने पाठवलेला नव्हता. तो मुंबईच्या कुलाब्यात, अहमदाबादेत आणि पुण्यात तयार झाला, पिक्सेलगणिक, तापमानागणिक. पोलादात मालकी कच्च्या मालाची आणि भट्टीची असते. मोजमापाच्या विज्ञानात ज्याच्याजवळ दोषांची वही, शोधक खऱ्या अर्थाने त्याचा असतो.

आता पुढचे काम समोर आहे. सूर्याकडे पाहणाऱ्या आदित्य-एल१वर, सप्टेंबर २०२३मध्ये गेलेल्या हेलिओस उपकरणात, सीझेडटी आणि त्याचा भाऊबंद कॅडमियम टेल्युराइड हे दोन्ही शोधक आहेत. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने प्रस्तावित झालेल्या ‘दक्ष’ मोहिमेत दोन उपग्रह पृथ्वीच्या दोन बाजूंना ठेवून सगळे आकाश सतत न्याहाळायची कल्पना आहे, आणि त्यातल्या प्रत्येक उपग्रहावर तीनशेहून अधिक सीझेडटी शोधक लागतील. सीझेडटीआयच्या वेळी ६४ फळ्यांचे आकडे माणसांनी एकेक आलेख डोळ्यांखालून घालून तपासणे शक्य होते. शेकडो फळ्यांना ते पुरणार नाही. मग स्रोतासमोर फळ्या आपोआप फिरवणारी, तापमान स्वतः बदलणारी, संशयास्पद पिक्सेल वेगळे काढणारी यंत्रणा लागेल. त्या यंत्रणेलाही स्वतःचा पासंग असेल आणि तो आधी कोणीतरी मोजावा लागेल. कोबाल्ट-५७चा स्रोत नऊ महिन्यांत निम्मा होतो, म्हणून वेळापत्रक त्याच्या वयाप्रमाणे आखावे लागेल. आणि एखाद्या फळीत वीस-पंचवीस पिक्सेल वाईट निघाले, तर ती परत पाठवायची की त्यांच्या नावाने पान उघडून वापरात घ्यायची, हा निर्णय प्रत्येक फळीबाबत पुन्हा नव्याने घ्यावा लागेल.